गोदाकाठची चोपण जमीन: आधी निचरा, मग जिप्सम

दुष्काळी तालुक्यातले ओले दुखणे

बीड जिल्ह्यात पाण्याविषयी बोलणे होते ते बहुतेक वेळा पाणी नसण्याविषयी. टँकर, चारा छावण्या, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे. गेवराई तालुका त्याला अपवाद नाही. वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत पडून जाणारा. पण याच तालुक्याच्या उत्तर हद्दीवरून गोदावरी वाहते. 10 ऑगस्ट 1763 ची राक्षसभुवनची लढाई इथलीच. निजामाचे निम्मे सैन्य नदीपलीकडे उतरले होते, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या काठावर राहिला आणि माधवराव पेशव्यांनी त्याला तिथेच गाठले. त्या लढाईचा निकाल ठरवण्यात भर पावसाळ्यातल्या गोदावरीचाही वाटा होता. ऑगस्ट 2006 चा महापूर आणि सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी तर काठच्या गावांनी स्वतः सोसली आहे.

शतकानुशतके अशा पुरांनी आणलेल्या गाळातून काठची खोल काळी जमीन तयार झाली. माळावरच्या मुरमाड रानापेक्षा तिची किंमत किती तरी जास्त. तरीही हीच भारी जमीन काही ठिकाणी हळूहळू चोपण होत जाते. पाऊस पडला की चिखल, उघडीप पडली की दगड, आणि वाफसा असा येतच नाही. दुष्काळी भागाला पाणी मिळवून देण्यासाठी आपण साठ वर्षे झटलो, ते योग्यच होते. शेतात आलेले जास्तीचे पाणी बाहेर कोणत्या वाटेने जाणार, याचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला.

खारवट, चोपण, चिबड

ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. तिची विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू साधारण 8.5 च्या आत असतो. निचरा असेल तर नुसत्या चांगल्या पाण्याने धुऊनही ती सुधारते. चोपण जमिनीत सुटे क्षार कमी असतील, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. सामू 8.5 च्या वर जातो आणि विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण शेकडा 15 च्या पुढे जाते. चिबड जमिनीत मुळांच्या पट्ट्यात पाणी तुंबून राहते. एकाच शिवारात ही तिन्ही दुखणी शेजारी-शेजारी सापडतात, कधी एकाच गटातही. खारवट-चोपण अशी दुहेरी जमीनही असतेच.

शेकडा 15 ही मर्यादा जगभरच्या पुस्तकांत आहे, पण आपल्या काळ्या मातीला ती फार सैल पडते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी विदर्भात केलेल्या कामातून दिसले की फुगणाऱ्या काळ्या मातीत सोडियम शेकडा 5-6 झाला तरी पाणी मुरण्याचा वेग घसरतो आणि कपाशीचे उत्पन्न उतरते. आकडा 15 ला पोचेपर्यंत थांबले तर फार उशीर झालेला असतो.

सोडियम येतो कुठून

बाहेरून कोणी आणून टाकलेला नसतो. दख्खनच्या काळ्या खडकातली खनिजे झिजतात तेव्हा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटे होतात. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात ते धुऊन समुद्राला मिळतात. कोरड्या हवेत तेवढे पाणी जमिनीतून खाली जात नाही. उन्हाने मातीतले पाणी उडते आणि विरघळलेल्या कॅल्शियमचा चुना होऊन तो तिथेच बसतो. शेत नांगरताना वर येणारे पांढरे चुनखडीचे खडे म्हणजे हाच चुना. कॅल्शियम असा बाजूला पडला की मातीतल्या पाण्यात सोडियमचा वाटा आपोआप वाढतो.

पुढची गोष्ट मातीच्या कणांची. काळ्या मातीतले चिकण कण स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचे असतात. ओल लागली की फुगतात, वाळले की आकसतात. उन्हाळ्यातल्या भेगा त्यामुळेच पडतात. या कणांवर कॅल्शियम असेल तर ते एकमेकांना धरून राहतात, मातीला रवाळपणा येतो आणि मधून हवा-पाणी खेळते. सोडियम आला की ही पकड सुटते. कण पाण्यात अलग होतात आणि बारीक छिद्रांत जाऊन बसतात. मोरीच्या जाळीत पीठ साचावे तशी सगळी वाट बुजते. पाणी मुरेना की ते वर साचते, साचलेले उन्हाने उडते, पुन्हा थोडा चुना बसतो आणि सोडियमचा वाटा आणखी वाढतो. चोपणपणा स्वतःलाच वाढवत नेतो, म्हणून त्याला लवकर अडवावे लागते.

विदर्भातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हे याचे सर्वात मोठे उदाहरण. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत साडेचार लाख हेक्टरांहून जास्त पसरलेल्या या सपाट गाळाच्या प्रदेशात कालव्याचे पाणी नसतानाही माती आतून चोपण झाली, कारण तिथे कोरडी हवा आणि मंद निचरा हजारो वर्षे एकत्र नांदले. तिथल्या एका अभ्यासाने तर नेहमीची समजूतच उलटवली. चोपण जमीन नेहमी खोलगट जागीच सापडेल असे आपण धरून चालतो. पण पेढी नदीच्या पाणलोटात डोळ्यांना जाणवणारही नाहीत अशा किंचित उंचवट्यांवर ती जास्त आढळली. उंचवट्यावरचे पावसाचे पाणी लगतच्या सखल जागी वाहून जाते, तिथली माती चांगली धुतली जाते, उंचवटा मात्र कोरडा राहतो आणि त्याच्या पोटात चुना बसत जातो.

मराठवाड्याला एक दिलासा आहे. दख्खनच्या खडकांत झिओलाइट नावाची, कॅल्शियम पुरवणारी खनिजे जागोजागी असतात. ती जिथे मातीत आहेत तिथे सामू वाढलेला असूनही निचरा टिकून राहतो. नुसत्या सामूवरून जमीन वाया गेली असे ठरवू नये ते यासाठी.

कालवा आला आणि वेग वाढला

हवामान जे काम हजारो वर्षांत करते ते कालवा काही दशकांत करू शकतो. जायकवाडीची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 1976 साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. या धरणाचा पैठण उजवा कालवा 132 किलोमीटरचा. तो शेवगावकडून गेवराईत येतो आणि पुढे माजलगावकडे जातो. या पाण्याने तालुक्यात ऊस आणला, बागा आणल्या, घरे सावरली. त्याच वेळी कालव्याचा पाझर, रात्रभर सोडून दिलेली चारी आणि उसाचे मोकाट भिजवणे यांनी जमिनीखालची पाणीपातळी वर आणली. भारी मातीत पाणी दीड मीटरपर्यंत आले की केशाकर्षणाने ते वर चढते, उन्हाने उडते आणि क्षार मागे ठेवते. नदीवर बंधारे बांधून पाणी अडवले जाते तिथे काठच्या शेतांतल्या पाण्यालाही नदीकडे उतरायला पूर्वीइतका उतार उरत नाही.

यात नवे काही नाही. नीरेच्या डाव्या कालव्यावर हेच घडले आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासह 1910 साली नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कालवा सुरू होऊन तेव्हा पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. पुढे बारामती परिसरात निचऱ्याचे प्रयोग झाले. त्यानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या कृष्णाकाठानेही तोच अनुभव घेतला. शंभर वर्षांपूर्वीचा धडा समोर असताना नव्या कालव्यांच्या आराखड्यात निचऱ्याला मागचे पान मिळावे, याची मला खंत वाटते.

ओळख पटवायची कशी

वाळल्यावर पांढरा फुलोरा दिसला तर खारवटपणाचा संशय घ्यावा. चोपण जमिनीचा पृष्ठभाग अनेकदा काळपट, तेलकट दिसतो, कारण सोडियममुळे सेंद्रिय पदार्थ विरघळून वर येतात. डबक्यातले पाणी दोन-तीन दिवस गढूळच राहणे, उगवण ठिपक्याठिपक्यांनी होणे, उसावर केवडा पडणे, बांधावर वेडी बाभूळ आणि लव्हाळा माजणे या आणखी खुणा.

घरच्या घरी होणारी एक चाचणी फार उपयोगी आहे. शेतातले वाळलेले छोटे ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा बॅटरीच्या शुद्ध पाण्यात अलगद सोडावे आणि न ढवळता काही तास ठेवावे. ढेकूळ नुसते विस्कटून तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ राहिले तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला तर सोडियमने कण सुटे केले आहेत. बोअरचे पाणी या चाचणीला वापरू नये, त्यातले क्षार हा ढग लपवतात.

2015 पासून मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. त्यांत सामू आहे, विद्युत वाहकता आहे, सेंद्रिय कर्ब आहे, पण विनिमयक्षम सोडियम नाही. सामू 8.5 च्या आसपास किंवा वर दिसला तर प्रयोगशाळेत ही तपासणी आणि जिप्समची गरज वेगळी मागून घ्यावी. नमुना एकाच थराचा देऊ नये. 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थर वेगळे द्यावेत. चोपणपणा बहुधा खालून वर येतो आणि वरचा थर फसवतो.

निचऱ्याशिवाय जिप्सम म्हणजे वाया गेलेला पैसा

जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावर बसतो आणि सोडियमला हुसकावतो. सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर जायला हवा. खाली वाटच नसेल तर तो तिथेच घोटाळतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. जिप्सम टाकूनही फरक पडला नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

म्हणून पहिला खर्च चरावर. शेताच्या वरच्या अंगाने, कालव्याकडून येणारा पाझर अडवणारा चर आणि खालच्या अंगाला नाल्यात पोचणारा चर, एवढ्याने अनेक शेते सावरतात. खरिपात रुंद वरंबा-सरीवर पेरणी केली तर वरच्या थरातले पाणी निघते. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही या पद्धतीची शिफारस करते. दुखणे खोल असेल तर भूमिगत निचरा करावा लागतो. सच्छिद्र पीव्हीसी पाइप, त्यावर गाळणीचे कापड, सुमारे एक ते सव्वा मीटर खोली, आणि ओळींतले अंतर मातीच्या निचऱ्यावर ठरवलेले. खर्च मोठा आहे, एकट्या कुटुंबाला झेपणारा नाही. मोल नांगराने मातीतच पोकळ नळ्या काढण्याची पद्धत स्वस्त पडते, सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राने तिच्यावर काम केले आहे. पण कण अगदी सुटे झालेल्या कडक चोपण मातीत या नळ्या लवकर ढासळतात, हे ध्यानात ठेवावे.

निचरा झाला की जिप्समची पाळी. तपासणीत निघालेल्या गरजेच्या निम्मी मात्रा उन्हाळ्यात वरच्या 20 सेंटिमीटर मातीत मिसळावी, खोल गाडू नये, आणि पावसाला धुऊ द्यावे. गोदाकाठच्या बहुतेक मातीत चुनखडी आहेच, तेव्हा तिच्यातलाच कॅल्शियम जागा करणारे उपायही चालतात. गंधकाचे मातीत आम्ल होते आणि ते चुन्याशी मिळून तिथेच जिप्सम बनते. साखर कारखान्याची सल्फिटेशन प्रक्रियेतली मळी कुजवून टाकली तरी लाभ होतो. सर्वात स्वस्त उपाय ढैंचा. त्याच्या मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड चुना विरघळवतो. पंचेचाळीस-पन्नास दिवसांचा, फुलोऱ्याआधीचा ढैंचा गाडला की कर्बही वाढतो. युरिया वरून फेकू नये, जास्त सामूत नत्र अमोनिया होऊन उडून जातो. अमोनियम सल्फेट आणि सिंगल सुपर फॉस्फेट इथे जास्त उपयोगी.

एक गोष्ट टाळावी. तलावातला गाळ माळावरच्या उथळ रानाला वरदान आहे, 2017 पासूनच्या गाळयुक्त शिवार योजनेचा फायदा तिथे जरूर घ्यावा. पण निचरा नसलेल्या काठच्या रानात आणखी चिकण गाळ ओतणे म्हणजे दुखणे वाढवणे.

बोअरचे पाणी आणि पिकांची निवड

कालवा बंद असताना बोअर चालते, आणि तिथून सोडियमची नवी आवक होऊ शकते. पाणी तपासताना अवशिष्ट सोडियम कार्बोनेट पाहावे. लिटरमागे 1.25 मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर निर्धास्त, 2.5 च्या वर असेल तर ते पाणी या मातीला घालू नये.

क्षार सोसण्यात कपाशी आणि गहू बरेच पुढे आहेत. कपाशीला मातीची वाहकता 7.7 पर्यंत गेली तरी उत्पन्नात घट येत नाही, गव्हाला 6 पर्यंत. उसाची हीच मर्यादा 1.7 आहे. मूग, उडीद, हरभरा आणि मोसंबी यांनाही क्षार सोसत नाहीत. जमीन सुधारेपर्यंत ऊस लावू नये, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. जी जमीन पाण्याने बिघडली तिला सर्वात जास्त पाण्याचे पीक देऊन ती कशी सुधारेल?

चर कोणाच्या शेतातून जाणार

खरी अडचण इथे येते. वरच्या शेतकऱ्याचा चर खालच्याच्या बांधाशी थांबतो. जुने नाले नांगरून शेतात घेतलेले असतात, रस्त्याखालच्या मोऱ्या गाळाने बुजलेल्या असतात. एकाने लाख रुपये खर्चून पाइप टाकले तरी त्यांचे तोंड उघडे राहील असा नाला हवा, आणि त्याचा तळ पाइपापेक्षा खाली हवा. नदीला पूर असताना किंवा बंधारा भरलेला असताना नाल्यातले पाणी पाइपाच्या वर चढते, तेव्हा पाणी उपसून टाकण्याची सोय आधीच धरावी लागते. म्हणून निचऱ्याचे काम एकेका शेतापुरते न करता नाल्याच्या पाणलोटाप्रमाणे, सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून करावे. छत्रपती संभाजीनगरची वाल्मी संस्था पाणी आणि जमीन व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देते, पाणी वापर संस्थांनी तिची मदत घ्यावी. मे महिन्यात पाणीपातळी सर्वात खाली असते. तेव्हा गावनकाशावरचे नाले शिवारात फिरून ताडून पाहावेत, उतार मोजावा, बुजलेल्या मोऱ्या मोकळ्या कराव्यात. दोन मीटर खोलीची, भोके पाडलेली पीव्हीसी नळी दर काही शेतांआड पुरून त्यातली पातळी महिन्यातून एकदा वहीत लिहावी. ऑक्टोबरमध्ये, पावसाळा सरताना, ज्या नळीत पाणी दीड मीटरच्या वर राहिले असेल तिथून पुढच्या वर्षीचा चर सुरू करावा.