आधी नेट की आधी ड्रायव्हर?

जुन्या लॅपटॉपवर नवी कोरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, डेस्कटॉप एकदम झकास दिसतोय, पण नेट गायब! नवा लॅपटॉप घ्यायला धावण्याआधी हे वाचा...

१४ ऑक्टोबर २०२५. ही कुठल्या सिनेमाच्या रिलीजची तारीख नाही. या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट बंद केला. मग विंडोज ११ टाका, त्यात काय? पण त्याला टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची सोय लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१८ किंवा त्यानंतरचा. म्हणजे २०१५-१६चा धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत 'म्हातारा' ठरला!

कॉलेजात असताना बाबांनी घेऊन दिलेला लॅपटॉप भंगारात काढायचं जिवावर येतं. अशा वेळी आठवतं ते लिनक्स. उबुंटू घ्या, मिंट घ्या, दोन्ही फुकट. पेनड्राइव्हवर उतरवायचं आणि चहा-नाश्ता होईपर्यंत इन्स्टॉल! इथवर सगळं कूल. मग आपण कोपऱ्यातल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करतो... आणि नेटवर्कची यादीच दिसत नाही.

कोंबडी आधी की अंडं?

वायफाय कार्डाशी बोलायला सिस्टीमला ड्रायव्हर लागतो. बऱ्याच कार्डांना फर्मवेअरही लागतं, म्हणजे कार्डात भरायचा एक छोटा प्रोग्रॅम. बहुतेक ड्रायव्हर लिनक्सच्या पोटातच असतात. पण काही कंपन्या आपला कोड उघड करत नाहीत. त्यांचा ड्रायव्हर नेटवरून वेगळा घ्यावा लागतो. आणि नेट कधी येणार? ड्रायव्हर आल्यावर! डेबियनसारख्या जुन्याजाणत्या लिनक्सच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं बंदिस्त फर्मवेअर यायला लागलं ते थेट जून २०२३मध्ये, १२व्या आवृत्तीपासून. विंडोजवाल्यांनी हसू नये. विंडोज ११ची होम आवृत्ती तर सेटअप होतानाच नेट मागते. तिथे कार्डाचा ड्रायव्हर नसला, की गाडी दारातच अडते.

जरीपटक्यातला रविवार

मी राहते नागपुरात, जरीपटक्याला. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं इथे स्थिरावली, त्यामुळे इथला रविवार म्हणजे दाल-पकवान! नोव्हेंबर २०२५मधल्या अशाच एका रविवारी वरच्या मजल्यावरची मुलगी लॅपटॉप घेऊन दारात हजर. "ताई, नेट चालूनच नाही राहिलं! उद्या अकराला इंटरव्ह्यू आहे." इंटरव्ह्यू पुण्याच्या कंपनीचा, त्याआधी ऑनलाइन टेस्ट, आणि ती टेस्ट फोनवरून देता येत नव्हती. एका दुकानदाराने सरळ सांगून टाकलं होतं, "आता नवीनच घ्या." पण नवीन लॅपटॉप घ्यायला आधी नोकरी तर लागायला हवी ना?

उपाय तिच्या हातातच होता. अँड्रॉइड फोन! डेटा केबलने तो लॅपटॉपला जोडला आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' ऑन केलं. लगेच लॅपटॉपवर नेट सुरू! फंडा सोपा आहे. अशा वेळी फोन लॅपटॉपला वायरवाल्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो. मग मिंटचा 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला. त्याने कार्ड ओळखून ड्रायव्हर सुचवला, तो टाकला, रीस्टार्ट केलं... वायफायच्या यादीत अख्खी बिल्डिंग हजर! खर्च, फोनचा थोडासा डेटा. मोबदल्यात मला गरमागरम पकवान. सोमवारी तिची टेस्टही झाली आणि इंटरव्ह्यूही, मध्ये एकदाही नेट न तुटता.

यादी दिसते, पण साइट उघडत नाही?

मग नेमकं कुठे अडलंय ते एकेक पायरी उतरून बघा.

आयपी अॅड्रेस १६९.२५४ने सुरू होतोय? म्हणजे राउटरने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि नव्याने कनेक्ट व्हा.

पत्ता ठीक आहे? टर्मिनलमधून ८.८.८.८ला पिंग करा. उत्तर आलं तरी साइट उघडत नसेल, तर नेट आहे, फक्त साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं डीएनएस रुसलंय. नेटवर्क सेटिंगमध्ये ते बदलता येतं.

ब्राउझर सर्टिफिकेटची तक्रार करतोय? आधी तारीख बघा. जुन्या लॅपटॉपमधला बटणसेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि सुरक्षित साइट दार उघडत नाहीत.

केबलवाल्याची वायर थेट लॅपटॉपमध्ये येते? मग तुमचं लॉगिन बहुधा जुन्या सिस्टीमबरोबरच पुसलं गेलंय. नेटवर्क सेटिंगमध्ये नवं पीपीपीओई कनेक्शन बनवून युजर आयडी आणि पासवर्ड पुन्हा भरावा लागेल. लॉगिन राउटरमध्येच असेल, तर नो टेन्शन!

फॉरमॅट मारण्याआधी

* पेनड्राइव्हवरून लिनक्स आधी 'लाइव्ह' चालवा. इन्स्टॉल न करताच वायफाय चालतंय का ते कळतं.
* विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय कार्डाचं नाव आणि मॉडेल लिहून ठेवा.
* नेटचा युजर आयडी, पासवर्ड कागदावर उतरवा. हो, कागदावरच!
* केबल डेटावाली हवी. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात.
* फोटो आणि फायलींचा बॅकअप, हे काय वेगळं सांगायला हवं?

नवा लॅपटॉप घ्यायचाय? जरूर घ्या, बॉस! पण तो हवासा वाटला म्हणून घ्या. बॅगेतल्या केबलने सुटणाऱ्या प्रश्नापायी नको.