मुलासाठी वसतिशाळा निवडताना

नाताळ आणि नववर्षाची धामधूम ओसरली, की धर्मग्रामाच्या कचेरीत एका ठरावीक कामासाठी पालक येऊ लागतात. बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो आणि त्यासोबत धर्मगुरूंचे शिफारसपत्रही. मुलगा सातवी-आठवीत असतो आणि येत्या जूनपासून त्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचे, असे घरात ठरलेले असते. ‘फादर, त्यातल्या त्यात चांगली शाळा कोणती?’ हा प्रश्न बहुधा निघता निघता, उंबऱ्यावर उभे राहून विचारला जातो. उंबऱ्यावर उत्तर देता येईल असा हा प्रश्न नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

ह्या बाबतीत आमच्याकडून एक चूक घडली आहे, ती आधी सांगितलेली बरी. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात सेवेत असताना एक माउली आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. वडील जहाजावर नोकरीला, वर्षातील आठ-नऊ महिने घराबाहेर. मुलगा मराठी माध्यमातला, वर्गात पहिल्या तिघांत येणारा, आमचा नियमित वेदीसेवक. डोंगरावरच्या एका इंग्रजी बोर्डिंगचा अर्ज तिच्या हातात होता. आम्ही पाच मिनिटांत शिफारसपत्र लिहून दिले. मुलगा दाराची चौकट धरून गप्प उभा होता आणि त्याचे मौन ही त्याची संमती आहे, असे आम्ही गृहीत धरले. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तेव्हा निम्मा झाला होता. पहिल्या सत्रात तीन विषयांत नापास, आणि शयनगृहातील मोठी मुले ‘व्हर्नाक’ म्हणून हाक मारीत. घरी आलेल्या प्रत्येक पत्रात मात्र ‘मी मजेत आहे’ एवढेच असे, कारण पत्रे दर रविवारी शिक्षकांसमोर बसून लिहायची आणि त्यांना दाखवून पाकिटात घालायची. नाताळनंतर तो परत गेला नाही. त्याचे एक वर्ष वाया गेले. पुढे तो आपल्या पायांवर उभा राहिला, संसाराला लागला. एका लग्नात भेटला तेव्हा मनात काही न ठेवता म्हणाला, ‘फादर, तेव्हा मला कोणी विचारलंच नव्हतं.’ त्या ‘कोणी’मध्ये आम्हीही होतो.

शाळा वाईट होती, असे आमचे म्हणणे नाही. तिच्यातून कितीतरी मुले उत्तम घडून बाहेर पडली. ती ह्या मुलासाठी नव्हती, इतकेच. चांगली शाळा कोणती, हा प्रश्न त्यामुळेच अपुरा ठरतो. आपल्या ह्या मुलाला ती मानवेल का, हे विचारायला हवे; आणि त्यासाठी आधी मुलगा ठाऊक असावा लागतो.

पालकांनी स्वतःला प्रथम विचारावे, की आपण त्याला का पाठवत आहोत. वडील आखातात किंवा बोटीवर, आई एकटी, घरात आजारी वृद्ध. गावाजवळ पुढचे शिक्षण नाही. मुलाला सैन्यात जायचे आहे, किंवा खेळात त्याला गती आहे. ही सारी रास्त कारणे आहेत. परंतु ‘ह्याला जरा शिस्त लागली पाहिजे’ हे वाक्य ऐकले, की आम्ही सावध होतो. चौदाव्या वर्षी मुलगा उलट बोलतो, मोबाइल सोडत नाही, मिस्साला टाळाटाळ करतो. हे वयाचे लक्षण आहे, त्यावर बोर्डिंग हे औषध नाही. शिक्षा म्हणून घराबाहेर काढलेला मुलगा शाळेत शिक्षा भोगायलाच जातो आणि त्याच वृत्तीने वागतो. बापाशी बिघडलेले नाते दोनशे किलोमीटर अंतर वाढवून सुधारत नसते. काही पिते सांगतात, ‘आम्ही नाही का राहिलो बोर्डिंगात?’ आम्हीही राहिलो आहोत. पत्र्याची ट्रंक, पातळ वरण, पहाटेचे थंड पाणी हे सगळे आज आठवायला गोड वाटते. पण पहिल्या महिन्यात रात्री उशीत तोंड खुपसून रडलेलो होतो, हेही आठवावे लागते.

भाषेचा प्रश्न आपल्या लोकांसाठी सर्वांत अवघड आहे आणि त्याचा विचार सर्वांत कमी होतो. सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला आठवीत एकदम इंग्रजी माध्यमाच्या, त्यातही आयसीएसईसारख्या मंडळाच्या शाळेत घातले, तर त्याला गणित येत असूनही प्रश्न समजत नाही. इतिहासाचे उत्तर डोक्यात असते, पण कागदावर उतरत नाही. कालपर्यंत हुशार गणला गेलेला मुलगा आज ‘ढ’ ठरतो. तो आळशी झाला आहे, असे शिक्षकांना वाटते. आपण मुळातच मठ्ठ आहोत, असे त्याला वाटू लागते. हा घाव गुणपत्रिकेत दिसत नाही. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलाला गणित-विज्ञानात थोडा आधार असतो, तरी बोलण्याची भीती उरतेच. अशा मुलांसाठी पहिल्या वर्षी भाषेचे वेगळे वर्ग आहेत का, ते कोण घेते, आधीच्या वर्षी मराठी माध्यमातून किती मुले आली आणि त्यांतली किती टिकली, हे मुख्याध्यापकांना थेट विचारावे. चांगल्या शाळेला ह्या प्रश्नाचा राग येत नाही. महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी विषय शिकवणे २०२०च्या कायद्याने सक्तीचे झाले आहे. तेथे मराठी कशी शिकवली जाते, हेही पाहावे. घरी आजीशी ज्या बोलीत मुलगा बोलतो, तिची त्याला लाज वाटू लागणार असेल, तर तो सौदा महागात पडला असे समजावे.

शाळा पाहायला जाताना बहुतेक पालक सकाळी अकराला पोहोचतात. प्रयोगशाळा, संगणक कक्ष, पोहण्याचा तलाव पाहून, चहा घेऊन दोनला परततात. वर्ग तर गावातल्या शाळेतही असतात. वसतिशाळा ही संध्याकाळी साडेचारनंतर सुरू होते आणि ती पाहायची तर त्या वेळी जायला हवे. मैदानावर शिक्षक आहेत का? असल्यास ते मुलांत आहेत, की कडेला घोळक्याने उभे आहेत? कोपऱ्यात एकटा बसलेला मुलगा कोणाच्या लक्षात येतो का? रात्री शयनगृहात, मुलांच्या हाकेच्या अंतरावर कोण झोपते?

ही कसोटी आमची नव्हे, ती संत जॉन बॉस्को ह्यांची आहे. १० मे १८८४ रोजी त्यांनी रोमहून तुरिनच्या आपल्या वसतिगृहाला एक पत्र लिहिले. पूर्वीच्या दिवसांत गुरुजन अंगणात मुलांबरोबर धावत, हसत, गप्पा मारीत; आता मुले भिंतीला टेकून कंटाळलेली आणि गुरुजन दूर, आपापसात बोलत उभे. हे दोन देखावे समोरासमोर ठेवून त्यांनी आपल्याच माणसांना कळकळीने बजावले, की मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना जाणवले पाहिजे. स्वतः स्थापन केलेल्या संस्थेविषयी एवढे स्पष्ट लिहिणारा संस्थापक विरळाच.

त्या वसतिगृहाचा आरंभही लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८४७च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री पंधरा वर्षांचा एक अनाथ मुलगा नखशिखांत भिजून दाराशी आला. डॉन बॉस्को ह्यांच्या आईने, मार्गारेट ह्यांनी, त्याला शेगडीपाशी शेकायला बसवले, गरम सूप आणि पाव दिला. विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरातच बिछाना केला आणि झोपण्यापूर्वी चार मायेचे शब्द सांगितले. सलेशियन वसतिगृहांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलांशी दोन शब्द बोलण्याची जी ‘गुड नाईट’ची प्रथा आहे, तिचा उगम त्या रात्रीत सांगितला जातो. आधी आसरा दिलेल्यांनी पांघरुणे पळवली होती, म्हणून माउलीने त्या रात्री स्वयंपाकघराला कुलूपही घातले, हेही डॉन बॉस्को ह्यांनी आपल्या आठवणींत प्रांजळपणे नोंदवले आहे. माया आणि सावधगिरी दोन्ही एकाच घरात नांदत होत्या.

सावधगिरीविषयी आज आणखी स्पष्ट बोलावे लागते. मुलगा आहे, त्याला कसली भीती, हा समज खोटा आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण अठरा वर्षांखालील मुलगे आणि मुली दोघांनाही आहे. अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे आणि हाताखालच्या माणसाचा अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. छळ मोठ्या मुलांकडूनही होतो. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९चा असून तो शाळांना आणि त्यांच्या वसतिगृहांनाही लागू आहे. तक्रार आली तर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखाचे कर्तव्य आहे. बालसुरक्षेचे लेखी धोरण मागावे, तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव मुलाला ठाऊक आहे का ते पाहावे आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक त्याच्याकडून पाठ करून घ्यावा. आठवड्यातून किमान एकदा त्याला घरी एकांतात फोन करता येतो का, हे आमच्या मते तलावापेक्षा महत्त्वाचे आहे. शाळा ख्रिस्तसभेची आहे म्हणून हे प्रश्न विचारू नयेत, असे कोणीही समजू नये. आपल्या संस्थांना ते आधी विचारावेत. विश्वासाच्या नावाखाली कोठे काय झाकले गेले, ह्याचे दुःख ख्रिस्तसभेने पुष्कळ सोसले आहे, आणि मुलांनी त्याहून अधिक.

श्रद्धेच्या संगोपनाबाबत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५च्या आपल्या शिक्षणविषयक निवेदनात पालकांना प्रथम आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. मुलगा बोर्डिंगात गेला म्हणून हे पद रिक्त होत नाही. कॅनन कायद्याचे ७९८वे कलम सांगते, की जेथे कॅथलिक शिक्षण मिळते अशा शाळेत पालकांनी मुलांना घालावे आणि ते शक्य नसेल तर त्या शिक्षणाची सोय शाळेबाहेर करावी. म्हणजे सरकारी किंवा अन्य शाळा निषिद्ध नव्हे. पण रविवारच्या मिस्साला मुलाला सोडतात का, जवळचे चर्च किती दूर आहे, दृढीकरणाची तयारी कोठे होणार, हे प्रवेशाआधी ठरवावे. तेथील धर्मगुरूंना एकदा जाऊन भेटावे. शाळेला संताचे नाव असले म्हणजे ती कॅथलिकच असते असेही नाही. पाचगणीचे सेंट पीटर्स किंवा देवळालीचे बार्न्स ह्या नामवंत शाळा अँग्लिकन परंपरेतील आहेत. त्यात उणेपणा काही नाही, पण पालकांना ते माहीत असावे.

कमी खर्चात सरकारी वसतिशाळाही आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ला सुरू झाली, ती देशातील पहिली. तेथे सहावी आणि नववीत, अखिल भारतीय परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो; वैद्यकीय तपासणीही असते. शरीराने काटक आणि मनाने तयार मुलाला ती मानवते. बापाला सैनिक व्हायचे राहून गेले, हे कारण मात्र पुरे नाही. जवाहर नवोदय विद्यालयात मुख्य प्रवेश सहावीत होतो, नववीत रिक्त जागांपुरता. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातील विद्यालयात पाठवण्याची योजना तेथे आहे, ती आईला आधी सांगून ठेवावी. सेमिनरीचाही उल्लेख करतो, कारण कोणी कोणी ती बिनखर्चाचे बोर्डिंग म्हणून आमच्याकडे मागते. सेमिनरी पाचारणाची पारख करण्यासाठी आहे. मुलाच्या मनात ते बीज असेल तर आनंदाने या, नसेल तर त्याच्यावर आणि आमच्यावरही अन्याय करू नका.

वेळेचे भान हवे. सीबीएसई आणि आयसीएसई मंडळांत दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे दहावीत शाळा बदलणे जवळजवळ अशक्य असते. मुलाला रुळायला एक वर्ष द्यायचे तर आठवी उत्तम. फीचे म्हणाल, तर छापील आकड्यावर न थांबता अनामत, गणवेश, धुलाई, सहली, खाऊचे पैसे आणि दरवर्षीची वाढ लेखी घ्यावी. मुलगा मध्येच परतला तर काय परत मिळते, तेही. शेतजमिनीचा तुकडा विकून फी भरू नये. ते ओझे मुलाला कळते आणि मग तेथे त्याला सुख नसले तरी तो तोंड उघडत नाही.

हल्ली शिफारसपत्र मागायला येणाऱ्या पालकांना आम्ही मुलाला बरोबर आणायला सांगतो. पालक बाहेर व्हरांड्यात बसतात आणि कचेरीचे दार उघडे ठेवून आम्ही दहा मिनिटे त्याच्याशी बोलतो. एकाने सांगितले, की त्याला रात्री दम्याचा पंप लागतो आणि ते शाळेला कळवायचे नाही असे घरात ठरले आहे. त्याच्या आईला आत बोलावून आम्ही सविस्तर बोललो आणि पत्र वर्षभर लांबणीवर टाकले. दुसरा एक जण बराच वेळ जमिनीकडे पाहत होता. मग त्याने विचारले, ‘फादर, तिथे फुटबॉलचे शूज शाळा देते, की घरून न्यायचे?’ त्याचे पत्र आम्ही त्याच दिवशी लिहिले.