सेट टॉप बॉक्स आणि पडद्यावरचे बिघडलेले चित्र

केबलचे प्रक्षेपण डिजिटल करण्यासाठी मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ची, तर पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांना ३१ मार्च २०१३ची मुदत देण्यात आली आणि त्यानंतर घरोघरी सेट टॉप बॉक्स आला. त्याबरोबर चित्र बिघडण्याची रीतही पालटली. जुन्या ॲनालॉग पद्धतीत सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या दिसत, पण चित्र ओळखता येई. डिजिटल सिग्नलमध्ये चित्र आकड्यांच्या रूपाने येते आणि वाटेत झालेल्या चुका बॉक्स एका मर्यादेपर्यंत स्वतः दुरुस्त करतो, त्यामुळे सिग्नल बराच घटला तरी चित्र स्वच्छ राहते. ती मर्यादा ओलांडली मात्र की ते एकाएकी चौकोनांत फुटते, अडकते किंवा नाहीसे होते.

अशा वेळी बॉक्स सरसकट दोषी ठरवला जातो, ते योग्य नाही. दोष बॉक्सच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे रिमोटवरील मेनूचे बटण दाबून बहुधा कळते, कारण मेनूची अक्षरे बॉक्स स्वतः तयार करतो, ती केबलमधून येत नाहीत. मेनू स्वच्छ दिसत असेल आणि केवळ वाहिन्यांचे चित्र फुटत असेल, तर दोष बहुधा बॉक्सपर्यंत येणाऱ्या सिग्नलमध्ये असतो. मेनूही थरथरत किंवा विरलेल्या रंगांचा दिसत असेल, तर बॉक्स, टीव्ही किंवा त्या दोघांना जोडणारी वायर तपासावी लागते. ‘नो सिग्नल’ या संदेशाचेही असेच आहे: तो टीव्हीने दिला असेल तर टीव्हीवर चुकीचे इनपुट निवडलेले असते, बॉक्स बंद असतो किंवा एचडीएमआय वायर सैल झालेली असते, आणि बॉक्सने दिला असेल तर केबलच बॉक्सपर्यंत पोहोचत नसते.

सिग्नलच्या बाजूचे दोष बहुधा सांध्यांत सापडतात. काळ्या गोल वायरीच्या टोकाची पिन सैल होते, मधली तांब्याची तार काळवंडते, पावसाळ्यात गच्चीवरच्या सांध्यात पाणी शिरते. एका केबलवरून दोन टीव्ही चालवण्यासाठी लावलेला स्प्लिटर प्रत्येक टीव्हीकडे निम्म्याहून कमी सिग्नल सोडतो. तो तात्पुरता काढून वायर थेट बॉक्सला जोडली आणि चित्र सुधारले, तर कारण तेथेच मिळाले.

रंग अचानक गेले, तर पिवळी पिन टीव्हीच्या हिरव्या खाचेत गेली आहे का, किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ऐवजी ‘एनटीएससी’ ही रंगप्रणाली निवडली गेली आहे का, हे पाहावे. भारतात ‘पाल’ वापरली जाते. माणसे आडवी फुगलेली दिसत असतील, तर पडद्याच्या रुंदी-उंचीचे प्रमाण, म्हणजे ४:३ किंवा १६:९, बदलावे. चित्र गोठले असेल, तर बॉक्सचा प्लग काढून मिनिटभराने पुन्हा लावणे पुष्कळदा पुरते. ‘फॅक्टरी रिसेट’ची घाई मात्र करू नये, कारण त्यात बॉक्सच्या सेटिंग पुसल्या जातात आणि वाहिन्या पुन्हा शोधाव्या लागू शकतात.

एवढे करूनही दोष राहिला, तर केबलचालकाला केवळ ‘चित्र येत नाही’ असे न सांगता मेनू स्वच्छ आहे की नाही आणि कोणत्या क्रमांकांच्या वाहिन्या फुटतात, हे सांगावे. अनेक वाहिन्या एकाच फ्रिक्वेन्सीवरून एकत्र येत असल्याने ठरावीक वाहिन्याच बिघडल्या, तर त्या यादीवरून त्याला नेमकी फ्रिक्वेन्सी मोजता येते.