पाखराच्या पायांतील कडे

नेकनूरच्या शिवारांत जोंधळा हुरड्यास आला, की भोरड्यांचे थवे उतरतात. गोफणवाला त्यांस चोर म्हणतो; वस्तुतः ते मध्य आशियाकडील पाहुणे होत. पाखरांचे असे प्रवास पायांतील कड्याने उलगडतात. १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नामक शिक्षकाने साळुंकीच्या कुळांतील पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घातली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली हे कार्य विस्तारले.

कडे चढविणे हे प्रशिक्षितांचे काम. परंतु कडे घातलेला पक्षी आढळल्यास क्रमांक, स्थळ व दिनांक सोसायटीस कळविणे घरांतील मुलांसही साध्य आहे. ते पत्र न गेल्यास सारा श्रम व्यर्थ. म्हणून त्यांस ही सवय लावावी, असे आम्ही वाचकांस विनवितो.