मागे फिरलेली नदी

ऐका मुलांनो. अमेरिकेच्या नकाशात वरच्या बाजूला पाच मोठी सरोवरं दिसतात ना? त्यांतल्या मिशिगन सरोवराच्या डाव्या हाताला विस्कॉन्सिन राज्य आहे. त्याच नावाची नदी राज्याच्या उत्तर सीमेवरच्या लॅक व्यू डेझर्ट तळ्यातून निघते, सुमारे ६९० किलोमीटर वाहते आणि प्रेरी दु शीन गावाजवळ मिसिसिपीला मिळते. पाणी कसं, तर कोऱ्या चहाच्या रंगाचं! वरच्या अंगाला दलदली आहेत, तिथल्या कुजत्या पानांमधलं टॅनिन त्यात उतरतं. घाण नाही हो ती.

वाटेत धरणं पुष्कळ, ती सोडून देऊ. पण डेल्स नावाच्या जागेपाशी थांबायलाच हवं. हिमयुगात इथे बर्फाने पाणी अडवून प्रचंड सरोवर झालं होतं. हिमयुग सरता सरता बर्फाचा तो बांध फुटला आणि सगळं पाणी एकदम सुटलं. त्या लोंढ्याने पन्नास कोटी वर्षं जुना वाळूचा दगड कापून अरुंद घळ केली. आज तिथले कडे बघावेत, थरावर थर, आणि मऊ थर झिजून आत गेलेले.

पुढे पोर्टेज गावाशी खरी गंमत आहे. इथून जेमतेम अडीच किलोमीटरवर फॉक्स नदी वाहते. तिचं पाणी मिशिगन सरोवरात आणि तिथून सेंट लॉरेन्स नदीने अटलांटिक महासागरात जातं. आपली विस्कॉन्सिन मात्र तिच्या इतक्या जवळ येऊन पश्चिमेला वळते आणि मेक्सिकोच्या आखाताची वाट धरते. १६७३ साली मार्केत हे फ्रेंच पाद्री आणि जोलिए हा त्यांचा सोबती फॉक्समधून इथवर आले, होड्या खांद्यावर घेऊन मधली जमीन ओलांडली आणि विस्कॉन्सिनमधून १७ जूनला मिसिसिपीत उतरले.

आता नीट लक्ष द्या. नदी पुढे जाईल तशी तिची दरी रुंद होत जाते, हो की नाही? इथे उलटं आहे! मिसिसिपीकडे जावं तशी दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात आणि दरी आवळत जाते. काठावर उंचावर जुन्या पात्राचे खडक उरलेत. भूशास्त्रज्ञांनी त्यांची उंची मोजली, तर उतार निघाला पूर्वेकडे. म्हणजे कधीकाळी या दरीतून पाणी पूर्वेला वाहत होतं, आजच्या अगदी उलट!

मग झालं काय? पूर्वेकडून हिमनद्या सरकत आल्या आणि वाट बुजली. पाणी तुंबलं, चढत गेलं आणि शेवटी पश्चिमेच्या टोकाला असलेल्या डोंगरधारेवरून दक्षिणेला सांडलं. सांडता सांडता धार कापत गेलं, इतकं खोल की बर्फ वितळल्यावरही परतायचं कारण उरलं नाही. एका नदीने दुसरीचं पाणी पळवलं, असं म्हणतात याला. मिसिसिपीच्या वरच्या भागाचं पाणीही तेव्हाच दक्षिणेला गेलं. पूर्वेला वाहणाऱ्या त्या जुन्या नदीला शास्त्रज्ञ वायलुसिंग म्हणतात, आणि त्यांच्या मते तिचं पाणी सेंट लॉरेन्सच्या बाजूला जायचं. मार्केत आणि जोलिए आले, त्याच बाजूला!