फोनचे मूळ आणि हमीचा कागद



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या दिवसांत, शाळा सुटल्यानंतर, मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपाशीत बसलो होतो. तोच आमच्या एका माजी विद्यार्थ्याची आई दारात येऊन उभी राहिली. शिवणकाम करून ही बाई घर चालविते. घरात फोन एकच, आणि कामाच्या मागण्या येतात त्या त्याच फोनवर. तो पिशवीतून काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

“सर, ह्या पोराने फोनला काहीतरी ‘रूट’ केले म्हणतात. ते चुकले, हे मला मान्य. पण चार्जर लावायची जागा सैल झाली, ती त्यामुळे झाली काय? सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, आता हमी संपली.”

फोन घेऊन सहाच महिने झाले होते. हमी होती एक वर्षाची. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रविद्येत माझी गती बेताचीच. परंतु त्या माउलीच्या प्रश्नात यंत्रापेक्षा न्यायाचा भाग अधिक होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे उमगले, तेच आज तुमच्यापुढे मांडीत आहे.

प्रथम ‘रूट’ म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये अँड्रॉइड नावाची कार्यप्रणाली असते. तिचा गाभा म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 साली निर्माण केलेला लिनक्स. आणि लिनक्सची घडण युनिक्स ह्या त्याहून जुन्या प्रणालीच्या धर्तीवर झालेली आहे. ह्या प्रणालींत सारी माहिती वृक्षासारखी रचलेली असते. मात्र मूळ वर आणि फांद्या खाली! गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थाचे वर्णन ज्यांनी वाचले असेल, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. ह्या मुळापर्यंत ज्याचा हात पोहोचतो, ज्याला कोणतीही गोष्ट पाहण्याचा, बदलण्याचा अथवा पुसून टाकण्याचा अधिकार असतो, त्या वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणजे ‘मूळ’ असेच नाव आहे.

दुकानातून आणलेल्या फोनवर हा अधिकार आपल्याला दिलेला नसतो. घर विकत घ्यावे, पण त्यातील एका खोलीला विकणाऱ्याचे कुलूप असावे, तशातला हा प्रकार. हे कुलूप केवळ आपल्याला अडविण्यासाठी नसते. एका अ‍ॅपने दुसऱ्या अ‍ॅपमधील माहिती चोरू नये, बँकेच्या व्यवहारात कोणी डोकावू नये, ही राखण त्याच्यामुळे होते. उलटपक्षी, कंपनीने आधीच भरून ठेवलेली, आपल्याला नको असलेली अ‍ॅपे काढू म्हटले, तर तेथेही हेच कुलूप आड येते. आमच्या विद्यार्थ्याचा हेतू वाईट नव्हता. फोनमध्ये जागा उरली नव्हती, आणि आईने शिवलेल्या कपड्यांची छायाचित्रे मावत नव्हती. म्हणून त्याने एक चित्रफीत पाहून कुलूप उघडले.

हे कुलूप उघडतात कसे? फोन सुरू करताच ‘बूटलोडर’ नावाची एक लहानशी आज्ञावली प्रथम जागी होते. पुढे चालू होणाऱ्या प्रणालीवर कंपनीची खरी मोहोर आहे की नाही, हे ती द्वारपालाप्रमाणे तपासते. रूटिंग करताना बहुधा ह्या द्वारपालालाच बाजूला सारावे लागते, आणि त्या वेळी फोनमधील आपली सारी माहिती पुसली जाते. ह्या कृत्याची खूणही मागे राहू शकते. सॅमसंगच्या ‘नॉक्स’ ही सुरक्षाव्यवस्था असलेल्या फोनमध्ये तर अनधिकृत प्रणाली चालविताच आतला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा बदलतो. नंतर मूळ प्रणाली पुन्हा बसविली तरी तो पूर्ववत होत नाही.

आता हमीकडे वळू. हमी ही कंपनीने घातलेल्या अटींसह दिलेले वचन असते. ‘अनधिकृत फेरबदल केल्यास हमी लागू राहणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य बहुतेक हमीपत्रांत बारीक अक्षरांत छापलेले असते. सर्व्हिस सेंटरमधील मनुष्य ह्याच वाक्यावर बोट ठेवतो. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हे. पण ते सर्वस्वी खरे आहे काय? ह्यासाठी बिघाडांचे तीन प्रकार करून पाहिले पाहिजेत.

पहिला प्रकार, रूटिंग करतानाच प्रणाली कोलमडून फोन विटेसारखा निपचित पडणे. हा दोष आपला. त्याची भरपाई कंपनीकडे मागणे योग्य नव्हे. दुसरा प्रकार संशयाचा. मिळालेल्या अधिकाराचा उपयोग करून कोणी यंत्राचा वेग मर्यादेबाहेर वाढविला आणि ते तापून बिघडले, तर कंपनीला हात झटकण्यास जागा मिळते. तिसरा प्रकार त्या माउलीच्या प्रश्नातला: चार्जरची जागा सैल होणे, बटण निखळणे. प्रणालीतील बदलाने धातूचा तुकडा ढिला होत नाही. येथे कार्यकारणाचा संबंध दिसत नाही, आणि म्हणून हमी नाकारण्याला अटीचा आधार असला तरी न्यायाचा आधार दुबळा ठरतो.

ह्या प्रश्नाचा विचार अन्य देशांतील कायद्यांनी केलेला आहे. युरोपीय संघात 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार, खरेदीनंतर एक वर्षाच्या आत दोष दिसला तर तो वस्तू देतानाच होता असे सामान्यतः मानले जाते. तो तसा नव्हता, हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर पडतो. अमेरिकेतील 1975 च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने, आमच्याच नावाचे सुटे भाग वापरले तरच हमी देऊ, अशी अट घालण्यास सामान्यतः मनाई केलेली आहे.

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क पडत नाही. वस्तूतील दोष चाचणीवाचून ठरविता येत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष कशाने झाला, हा वाद मग केवळ तोंडाच्या बोलण्यावर राहत नाही. त्याआधी 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही गाऱ्हाणे मांडता येते.

आम्ही सर्व्हिस सेंटरला एक अर्ज लिहिला आणि नकाराचे कारण लेखी मागितले. लेखी कारण काही मिळाले नाही. मात्र पूर्वी फोनला हात लावण्यास तयार नसलेले ते लोक आता दुरुस्तीला कबूल झाले, तेही पैसे घेऊन. तक्रार पुढे नेता आली असती. परंतु फोनवाचून त्या बाईचे आठ दिवसही निभणारे नव्हते. तिने पैसे भरले. हक्क असणे आणि त्यासाठी थांबण्याची ऐपत असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून, मित्रहो, रूटिंग हे पाप आहे असे मी म्हणणार नाही. यंत्राच्या अंतरंगात डोकावण्याची जिज्ञासा हीच विद्येची सुरुवात होय. पण फोन हमीच्या मुदतीत असेल आणि त्यावर घराचा चरितार्थ चालत असेल, तर तेथे प्रयोग करू नका. नको असलेले अ‍ॅप पुष्कळदा सेटिंग्जमध्ये जाऊन निष्क्रिय करता येते. प्रयोग करावयाचाच, तर हमी संपलेला जुना फोन घ्या आणि त्यातील माहितीची प्रत आधी काढून ठेवा. रूट केलेल्या फोनवर बँकांची अ‍ॅपे चालण्यास नकार देऊ शकतात, हेही विसरू नका. खरेदीची पावती जपा, हमीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि कोणी नकार दिला तर तो लेखी मागा.

तो विद्यार्थी आता सुट्टीत कपडे पोहोचविण्याचे काम करून आईचे ते पैसे फेडीत आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “सर, कुलूप उघडण्याआधी तो कागद वाचायला हवा होता.” तुम्ही तो आधीच वाचाल, अशी मला आशा आहे.