एक कोयता, दोन माणसं

लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा दिवाळीच्या जादा साखरेसाठी सासूबाई मला पिशवी देऊन रेशनच्या रांगेत धाडायच्या. कारखान्यांना काही साखर लेव्ही म्हणून सरकारला स्वस्तात द्यावी लागे, ती ही साखर. २०१३ साली ती सक्ती उठली.

गेल्या दिवाळीत करंज्या करताना आमच्या कामाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, ह्या साखरेपायी माझी आई सहा-सहा महिने कोपीत राह्यची." मावशी मूळच्या बीडकडच्या. मुकादमाची उचल घेऊन आईबाप ऊस तोडायला जात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. आई मोळ्या बांधायची, डोक्यावरून गाडीत भरायची. हिशेब मात्र वडिलांच्या नावावर. खाडा झाला की दंड. धाकट्याला सांभाळायला मावशींची शाळा चौथीतच सुटली.

"आईच्या हातात पैसे यायचे?"

"कधीच नाय."

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभारला, १९५० च्या सुमारास तो सुरू झाला. पुढे अशा कारखान्यांमागून गावोगाव शाळा-कॉलेजं, दवाखाने आले, हे खरंच. पण २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा कुठे आपल्याला ही बाई दिसली!

मावशींची सून यंदाही तोडीला गेलीय. जाण्याआधी आम्ही दोघींनी तिचं बँकेत खातं काढून दिलं. मुकादम तिचे पैसे त्यात टाकतो का, ते पट्टा पडल्यावर कळेल.